‘हा आमच्या घरातला प्रश्न’ : विजयालक्ष्मी पंडित यांची गोष्ट, एका कलमासह

२०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासभेच्या अध्यक्षपदी जर्मनीच्या आनालेना बेअरबॉक यांची निवड झाली. ऐंशी अधिवेशनांमध्ये या खुर्चीवर बसणारी ही पाचवीच महिला. अनेक बातम्यांच्या शेवटी एक ओळ होती : पहिल्या महिला अध्यक्ष, भारताच्या विजयालक्ष्मी पंडित, १९५३.

ही ओळ वाचून बहुतेकांच्या मनात दोन गोष्टी येतात. एक, ‘नेहरूंची बहीण ना ती?’ आणि दुसरी, ‘पण महासभेचा अध्यक्ष म्हणजे नक्की कोण?’ दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि दोन्हींकडे मी येणार आहे. पण त्यांचं सगळ्यात मोठं काम १९५३ चं नव्हे, त्याआधी सात वर्षांचं आहे, असं माझं ठाम मत आहे. ते कळायला संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतलं एक कलम समजून घ्यावं लागतं. कलम वाचायला रुक्ष आहे, पण त्यातला वाद आपल्याकडच्या प्रत्येक चाळीत आणि वाड्यात होऊन गेलेला आहे.

तांदळात लिहिलेलं नाव

आपल्याकडे लग्नात एक प्रसंग असतो. ताटात तांदूळ पसरतात, नवरा अंगठीनं त्यात बायकोचं नवं नाव लिहितो आणि मग पेढे वाटून ते सगळ्यांना सांगतात. माझ्या आजीचं माहेरचं नाव आम्हा नातवंडांना ती गेल्यावर कळलं.

अलाहाबादच्या आनंदभवनात वाढलेल्या स्वरूपकुमारी नेहरूंचंही नाव लग्नात बदललं. १८ ऑगस्ट १९०० चा जन्म. थोरला भाऊ जवाहरलाल अकरा वर्षांनी मोठा. शाळा-कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही, शिक्षण घरीच, इंग्रज शिक्षिकेकडे. १० मे १९२१ रोजी त्यांचं लग्न रणजित सीताराम पंडित यांच्याशी झालं. हे घराणं मूळ कोकणातलं, काठेवाडात राजकोटला स्थिरावलेलं, म्हणजे आपल्यातलंच. रणजित बॅरिस्टर होते आणि संस्कृतचे जाणकारही. कल्हणाच्या राजतरंगिणीचं इंग्रजी भाषांतर त्यांचं. रणजित म्हणजे रण जिंकणारा. त्याच्या शेजारी विजयालक्ष्मी हे नाव शोभून दिसतं. जगाच्या राजकारणात पुढे गाजलेलं नाव सासरच्या रीतीनं मिळालेलं होतं.

पुढची पंधरा-वीस वर्षं भराभर सांगता येतील. नवरा-बायको दोघंही स्वातंत्र्यलढ्यात. चंद्रलेखा, नयनतारा आणि रीता या तीन मुली. १९३२ ते १९४३ या काळात विजयालक्ष्मींना तीनदा तुरुंगवास. मधल्या काळात अलाहाबादच्या नगरपालिकेत काम आणि १९३७ च्या निवडणुकीनंतर गोविंद वल्लभ पंतांच्या प्रांतिक मंत्रिमंडळात स्थानिक स्वराज्य आणि आरोग्य ही खाती. देशात मंत्रिपदाची खुर्ची मिळालेली ही पहिली स्त्री. ज्या इंग्रज सरकारनं कैदेत टाकलं, त्याच सरकारच्या कायद्याखाली निवडून येऊन त्यांनी दवाखान्यांचा आणि पिण्याच्या पाण्याचा कारभार पाहिला. १९३९ मध्ये काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि त्यांचंही खातं सुटलं.

विधवेच्या हातात काय उरलं?

जानेवारी १९४४. तुरुंगात प्रकृती पार ढासळल्यावर सुटलेले रणजित लखनौला वारले. मृत्युपत्र केलेलं नव्हतं. पदरी तीन मुली, मुलगा नाही.

त्या वेळच्या हिंदू कायद्यात एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेचा धागा बापाकडून मुलाकडे जायचा. मुलींचं नाव त्या धाग्यात नव्हतंच. १९३७ च्या एका कायद्यानं विधवेला थोडा वाटा दिला होता, पण तोही हयातीपुरता. म्हणजे खायचं, राहायचं, मात्र आपल्या मर्जीनं विकायचं नाही की मुलींना द्यायचं नाही. सातबाऱ्यावर नाव आहे, पण पेन्सिलीनं लिहिलेलं, असं समजा.

सासरच्या मंडळींनी मालमत्तेवर हक्क सांगितला आणि बँकेतली खाती गोठली. प्रांताचं आरोग्य खातं सांभाळलेली ही बाई चव्वेचाळिसाव्या वर्षी स्वतःच्या घरात परकी झाली. त्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या अध्यक्ष राहिलेल्या होत्या आणि या परिषदेची वारसा कायदा बदलण्याची मागणी जुनीच होती. आता तो कायदा त्यांच्याच उंबऱ्यात येऊन उभा राहिला. आणि त्याचं समर्थन ऐकायला यायचं ते असं : हा घराघरातला प्रश्न आहे, सरकारनं त्यात पडू नये. हे वाक्य लक्षात असू द्या.

सॅन फ्रान्सिस्को : आत न बसताही

१९४४ च्या अखेरीस त्या अमेरिकेला गेल्या. थोरल्या दोघी मुली तिथे शिकत होत्या. जानेवारी १९४५ मध्ये व्हर्जिनियात आशिया-प्रशांत प्रश्नांवरच्या परिषदेत त्या बोलल्या, मग अमेरिकाभर व्याख्यानं देत हिंडल्या.

एप्रिल १९४५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत संयुक्त राष्ट्रांची सनद लिहायला पन्नास देश जमले. भारतालाही निमंत्रण होतं, पण प्रतिनिधी इंग्रज सरकारनं निवडलेले, रामस्वामी मुदलियार यांच्या नेतृत्वाखाली. विजयालक्ष्मींना आत जागा नव्हती. त्यांनी बाहेरून सभा घेतल्या, पत्रकारांना गाठलं, आणि आत बसलेले लोक भारताच्या जनतेचे प्रतिनिधी नाहीत असं लेखी निवेदन दिलं. सव्वा वर्षानं चित्र पालटलं. सप्टेंबर १९४६ मध्ये दिल्लीत हंगामी सरकार आलं आणि महासभेला जाणाऱ्या भारताच्या शिष्टमंडळाचं नेतृत्व त्यांच्याकडे आलं.

ते कलम नेमकं काय म्हणतं?

संयुक्त राष्ट्रांची सनद म्हणजे त्या संस्थेची घटना. तिच्या दुसऱ्या कलमाचं सातवं पोटकलम सांगतं की, जी बाब मुळात एखाद्या देशाच्या अंतर्गत अधिकारातली आहे, तिच्यात संयुक्त राष्ट्रांनी ढवळाढवळ करायची नाही.

हे वाचून चटकन पटतं. गृहनिर्माण सोसायटीच्या कमिटीनं तुमच्या स्वयंपाकघरात काय शिजतं ते विचारू नये, तसंच हे. पण समजा, तुमच्या शेजारच्या घरातून रोज रात्री मारहाणीचा आवाज येतो. तुम्ही दार वाजवता. आतून उत्तर येतं, ‘हा आमच्या घरातला प्रश्न आहे.’ आता काय करायचं? दार वाजवणं म्हणजे ढवळाढवळ, की शेजारधर्म?

गुंता असा की त्याच सनदेत दुसरीकडे, वंश, लिंग, भाषा, धर्म असा भेद न करता सर्वांचे मानवी हक्क पाळले जावेत, असंही लिहिलेलं आहे. म्हणजे एका पानावर ‘घरात डोकावू नका’ आणि दुसऱ्या पानावर ‘घरातल्या माणसाला नीट वागवा’. दोन्ही एकदम कसं पाळायचं, हे १९४५ मध्ये कुणी ठरवलंच नव्हतं.

दक्षिण आफ्रिकेची तक्रार

१८६० पासून दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ भागात उसाच्या मळ्यांवर भारतीय मजूर करारावर नेले गेले. मागोमाग व्यापारी गेले. त्यांच्याच एका खटल्यासाठी १८९३ मध्ये गांधी गेले. पुढची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. १९४६ मध्ये दक्षिण आफ्रिकेनं नवा कायदा केला : भारतीयांनी जमीन कुठे घ्यायची, राहायचं कुठे, यावर बंधनं. डर्बनमध्ये सत्याग्रह सुरू झाला. भारतानं आपला उच्चायुक्त परत बोलावला, व्यापार तोडला आणि संयुक्त राष्ट्रांकडे रीतसर तक्रार केली.

समोर उभे राहिले फील्ड मार्शल यान स्मट्स, दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान. सनदेच्या प्रास्ताविकाच्या मसुद्यात ज्यांचा मोठा हात होता, तेच हे गृहस्थ. गांधींना त्यांनी तुरुंगात टाकलं होतं आणि गांधींनी तुरुंगात स्वतः शिवलेल्या चपला त्यांना भेट दिल्या होत्या.

स्मट्स यांचं म्हणणं सरळ होतं. हे लोक आमचे रहिवासी, कायदा आमचा, प्रश्न आमच्या घरातला. फार तर आंतरराष्ट्रीय न्यायालयाचं मत घ्या. भारताच्या बाजूनं कायद्याचा कीस पाडायला मुंबईचे मोहम्मद करीम छागला होते. १९२७ मध्ये दोन्ही सरकारांत याच लोकांबद्दल करार झालेला असताना बाब निव्वळ अंतर्गत कशी, असा भारताचा सवाल होता. विजयालक्ष्मींनी मात्र भर दिला तो सनदेच्या दुसऱ्या पानावर. कातडीच्या रंगावरून माणसाला जमीन नाकारणं हा साऱ्या जगाच्या सदसद्विवेकाचा प्रश्न आहे, असा त्यांचा रोख होता.

मला इथे दोन वर्षांपूर्वीची ती विधवा दिसते. जमिनीवरचा हक्क जन्मावरून नाकारला जाणं आणि वर ‘हे आमचं अंतर्गत’ असं ऐकून घेणं म्हणजे काय, हे त्या सभागृहात बसलेल्या बहुतेक पुरुष प्रतिनिधींना वाचून माहीत होतं. विजयालक्ष्मींना ते भोगून माहीत होतं.

मतांची बेरीज

८ डिसेंबर १९४६. तेव्हा महासभेचे सदस्य देश ५४. प्रश्न महत्त्वाचा असल्यानं साधं बहुमत पुरणार नाही, दोन तृतीयांश लागतील, असं ठरलं होतं. तटस्थ राहणारे या हिशेबात धरत नाहीत.

ठरावाच्या बाजूनं ३२. विरोधात १५. तटस्थ ७. आता पेन्सिल घ्या. मत देणारे देश ४७. त्यांचे दोन तृतीयांश होतात ३१.३३. देशाचा तुकडा पाडता येत नाही, म्हणून गरज ३२ ची. मिळाली ३२. बाजूच्या देशांपैकी एक जरी विरोधात गेला असता, तरी ठराव पडला असता.

महासभेला जाण्याआधी गांधींनी त्यांना बजावलं होतं की स्मट्स यांच्याशी कटुता ठेवायची नाही. मतदान संपल्यावर त्या उठून स्मट्स यांच्याकडे गेल्या, हात पुढे केला आणि बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर क्षमा मागितली, असं त्यांनी आत्मकथनात लिहिलं आहे. हा विजय पोकळ आहे, असं स्मट्स यांनी त्यांना म्हटल्याचंही त्याच सांगतात.

मग तो विजय पोकळच नव्हता का?

हा आक्षेप टाळण्यासारखा नाही. महासभेचा ठराव म्हणजे न्यायालयाचा हुकूम नव्हे. गावसभेनं ठराव केला म्हणून सावकार व्याज सोडत नाही. दक्षिण आफ्रिकेनं काहीही बदललं नाही. पुढच्या वर्षी याच विषयावरच्या ठरावाला दोन तृतीयांश मतं मिळाली नाहीत. १९४८ मध्ये स्मट्स हरले आणि त्यांच्यापेक्षाही कडवा वर्णभेदी पक्ष सत्तेवर आला. डर्बनच्या भारतीयांच्या पदरात त्या रात्री काही पडलं नाही.

पण विषय पत्रिकेवर आला आणि तिथून पुन्हा उतरला नाही. आधी भारतीयांचा प्रश्न, मग सगळ्या काळ्या जनतेचा, मग वर्णभेदाची सगळी व्यवस्था. १९७४ मध्ये महासभेनं दक्षिण आफ्रिकेला आपल्या कामकाजातून बाहेर ठेवलं. ती परत आली १९९४ मध्ये, मंडेलांच्या काळात. या सगळ्याची पहिली पायरी ती ३२ मतं. एखाद्या देशाला आपल्याच माणसांशी कसं वागतोस हे विचारता येतं, हे तिथे ठरलं.

दुसरा आक्षेप जास्त टोचतो : आज भारतही परक्यांच्या टीकेला ‘आमचा अंतर्गत प्रश्न’ असंच उत्तर देतो की! देतो. सगळेच देश देतात. कधी ते उत्तर खरं असतं, कारण बलाढ्य देश मानवी हक्कांच्या नावाखाली आपला स्वार्थही साधतात. कधी ते फक्त दार लावून घेण्यासाठी असतं. यातलं कधी कोणतं, हे ओळखण्याचं यंत्र नाही. पण १९४६ मध्ये आपण कोणत्या बाजूला उभे होतो, हे आपल्याला माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

राजदूत आणि उच्चायुक्त यांत फरक काय?

१९४७ मध्ये त्या मॉस्कोला भारताच्या पहिल्या राजदूत म्हणून गेल्या, १९४९ मध्ये वॉशिंग्टनला, आणि १९५४ पासून १९६१ पर्यंत लंडनला. पहिल्या दोन ठिकाणी पद राजदूताचं, लंडनला मात्र उच्चायुक्ताचं. वाचक इथे हमखास अडखळतात.

राजदूत म्हणजे एका राष्ट्रप्रमुखानं दुसऱ्या राष्ट्रप्रमुखाकडे पाठवलेला माणूस. ब्रिटिश साम्राज्यातल्या कॅनडा, ऑस्ट्रेलिया अशा देशांचा आणि ब्रिटनचा राजा एकच. राजानं स्वतःकडेच दूत कसा पाठवायचा? म्हणून तिथे सरकारांनी एकमेकांकडे उच्चायुक्त पाठवायची रीत पडली. भारत १९५० मध्ये प्रजासत्ताक झाला, आपला राष्ट्रपती झाला, पण राष्ट्रकुलात राहिला आणि पदाचं नावही तेच राहिलं. काम दोघांचं सारखंच.

मॉस्कोचा काळ कोरडा गेला. स्टालिननं त्यांना एकदाही भेट दिली नाही. वॉशिंग्टनला मात्र कसोटी लागली. देशात धान्याची टंचाई होती. डिसेंबर १९५० मध्ये त्यांनी अमेरिकेकडे २० लाख टन धान्य मागितलं. कोरिया आणि चीनबद्दलच्या भारताच्या भूमिकेवर तिथले खासदार नाराज होते, त्यांनी सहा महिने चर्चा ताणली. जून १९५१ मध्ये १९ कोटी डॉलरच्या कर्जाचा कायदा झाला. घरात चूल थंड असताना शेजाऱ्याकडे पीठ मागायचं आणि त्याच्या भांडणात त्याची बाजूही घ्यायची नाही, हे किती अवघड असतं ते ज्यानं केलंय त्यालाच कळेल.

१९५३ ची खुर्ची

आता महासभेचा अध्यक्ष. सुरक्षा परिषद म्हणजे संयुक्त राष्ट्रांची कार्यकारिणी, तिथे पाच बड्या देशांना नकाराधिकार. महासभा म्हणजे सर्वसाधारण सभा, तिथे लहान-मोठा प्रत्येक देश एका मताचा धनी. तिचा अध्यक्ष दरवर्षी निवडला जातो. तो सभा चालवतो, कुणाला कधी बोलू द्यायचं ते ठरवतो, नियमांवर निर्णय देतो. हुकूम सोडण्याचा अधिकार नाही. सगळी ताकद विश्वासाची.

१५ सप्टेंबर १९५३ रोजी आठव्या अधिवेशनासाठी त्या निवडून आल्या, थायलंडच्या प्रिन्स वान यांना हरवून. कोरियातली लढाई दीड महिन्यापूर्वीच थांबली होती आणि युद्धकैद्यांच्या प्रश्नावर भारत दोन्ही गटांमध्ये मध्यस्थी करत होता. अमेरिका आणि रशिया दोघांनाही चालेल असा देश हवा होता. त्याच अधिवेशनात अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी ‘शांततेसाठी अणू’ हे भाषण केलं, तेव्हा अध्यक्षस्थानी त्या होत्या. दुसरी स्त्री तिथे बसायला १९६९ उजाडलं, लायबेरियाच्या अँजी ब्रुक्स.

‘नेहरूंची बहीण म्हणूनच ना?’

खरं सांगायचं तर, हो, दार त्यामुळे लवकर उघडलं. त्या नेहरूंच्या घरात जन्मल्या नसत्या, तर शाळेचा दाखला नसलेल्या बाईला मॉस्कोला कुणी पाठवलं नसतं. त्या काळी टीकाही झाली आणि ती चुकीची नव्हती. मात्र परराष्ट्र सेवा तेव्हा नुकतीच उभी राहत होती. असफ अली, कृष्ण मेनन, पणिक्कर हे पहिले दूतही कुठली परीक्षा देऊन आले नव्हते. शिवाय १९४६ ची ती ३२ मतं जवाहरलाल यांच्या सांगण्यावरून पडलेली नव्हती.

मला खरी खंत वेगळीच वाटते. एक स्त्री लंडनमध्ये भारताची उच्चायुक्त होती, तेव्हा परीक्षा देऊन सेवेत आलेल्या बाकीच्या स्त्रियांचं काय? सी. बी. मुथम्मा १९४९ मध्ये परराष्ट्र सेवेत आलेल्या पहिल्या महिला. या सेवेच्या १९६१ च्या नियमांनुसार स्त्री अधिकाऱ्याला लग्नाआधी सरकारची लेखी परवानगी घ्यावी लागे आणि लग्नानंतर तिला राजीनामा द्यायला सांगता येई. पुरुषांना असा नियम नव्हता. मुथम्मा सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९७९ मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी अशा भेदभावावर कडक ताशेरे ओढले. परराष्ट्र सचिवपदी पहिली महिला, चोकिला अय्यर, आल्या त्या २००१ मध्ये. विजयालक्ष्मींसाठी उघडलेलं दार त्यांच्या मागे बंद झालं होतं. ते इतरांनी ढकलून उघडलं.

मुंबईचं राजभवन आणि शेवटचा उंबरठा

१९५६ च्या कायद्यानं हिंदू विधवेचं हयातीपुरतं नाव पक्कं केलं, मुलींनाही वारस मानलं. १९६२ मध्ये विजयालक्ष्मी महाराष्ट्राच्या राज्यपाल झाल्या, म्हणजे एका अर्थानं सासरी आल्या. १९६४ पर्यंत त्या मुंबईत होत्या. नेहरूंच्या निधनानंतर त्यांच्याच फुलपूर मतदारसंघातून लोकसभेत गेल्या, १९६८ मध्ये राजीनामा देऊन डेहराडूनला राहायला गेल्या.

१९७५ मध्ये आणीबाणी आली. बाहेरून टीका झाली की सरकारचं उत्तर ठरलेलं : हा भारताचा अंतर्गत प्रश्न आहे. आणि पंतप्रधानपदी होती सख्खी भाची. राजकारणातून निवृत्त झालेल्या, शहात्तर वर्षांच्या बाईनं गप्प बसायला याहून चांगलं कारण कोणतं? देशाचा घरातला प्रश्न आणि स्वतःच्याही घरातला. फेब्रुवारी १९७७ मध्ये त्या डेहराडूनहून बाहेर पडल्या आणि भाचीच्या पक्षाविरुद्ध प्रचाराला उभ्या राहिल्या. निवडणुकीत काँग्रेस हरली.

पुढे नव्या सरकारनं त्यांना संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगावर भारताच्या प्रतिनिधी म्हणून पाठवलं. देश आपल्या माणसांशी कसे वागतात, हे विचारणं हेच त्या आयोगाचं काम होतं.